मॉसमुळे भिंतीला तडे जातात का?
ठाण्यात पावसाळ्यात जुन्या इमारतींवर मॉस (गालिच्यासारखी पसरणारी इवलीशी हिरवी वनस्पती) दिसू लागले की, त्याची मुळे सिमेंटमध्ये शिरून तडे पाडतात, हा समज पुन्हा डोके वर काढतो. वस्तुतः मॉसला खरी मुळेच नसतात. हायोफिला इनव्होल्युटा ही भिंतींवर सर्रास आढळणारी प्रजाती केवळ सूक्ष्म तंतूंनी पृष्ठभागाला चिकटते, पाणी मुख्यतः पानांवाटे शोषते आणि उन्हाळ्यात पाने आत वळवून सुक्या अवस्थेत तग धरते, म्हणूनच पहिल्या सरींनंतर ती पुन्हा हिरवी होते. भिंत फोडतात ती पिंपळाची रोपे, आणि त्यांच्याकडे मात्र सोसायट्या वर्षानुवर्षे काणाडोळा करतात! मॉस ओल धरून ठेवते हे खरे, परंतु गळती न शोधता ते खरवडणे व्यर्थ आहे. खरवडलेले तुकडे बोन्सायच्या ओलसर मातीवर दाबून सावलीत ठेवल्यास खताशिवाय वाढू शकतात.