खपली गहू आणि तांबेऱ्याची शंभर वर्षे

तांबेरा पडलेल्या गव्हातून चालत गेले की कपड्यांना विटकरी पूड लागते. ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. गेरूसारख्या रंगामुळे या रोगाला गेरवा असेही म्हणतात. पानावरचा नारिंगी, थंड प्रदेशातला पिवळा आणि खोडावरचा काळा अशी त्याची तीन रूपे. यांतला काळा सगळ्यांत घातक. त्याच्या तडाख्यात दाणा भरतच नाही, सुरकुतून जातो. १९४६-४७ च्या रब्बीत मध्य भारतातल्या गव्हाची त्याने दाणादाण उडवली.

काही वाणांवर हा रोग पडत नाही आणि तो गुण बियाण्यातून पुढे जातो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ साली पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवले. रोगाला बळी पडणारा आणि न पडणारा अशा दोन गव्हांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत साधारण चारातले एक रोप निरोगी निघाले. मेंडेलच्या वाटाण्यांचाच हा हिशेब. वाटले, प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. अमेरिकेत मिनेसोटा येथे एल्व्हिन स्टॅकमन यांच्या लक्षात आले की खोडावरचा तांबेरा एकच नाही. दिसायला सारखे, पण वेगवेगळ्या वाणांवर पडणारे त्याचे अनेक उपप्रकार आहेत. ते ओळखायला त्यांनी बारा गव्हांचा संच ठरवला. शेतातून आणलेला नमुना या बारांच्या रोपांवर सोडायचा आणि कोण बळी पडले, कोण तगले यावरून उपप्रकाराला क्रमांक द्यायचा. मार्क्विस, कुबांका, मिंडम अशा नावांच्या त्या यादीत मराठी माणसाने थबकावे असे एक नाव होते: खपली.

तीच ही खपली. मळणीनंतरही दाण्याला टरफल धरून ठेवणारी, सातारा-सांगलीकडे खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी जपलेली. पुढे सिडनी विद्यापीठात वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल या साध्या गव्हाशी तिचा संकर केला. काम चिवट होते, कारण खपलीत २८ गुणसूत्रे आणि साध्या गव्हात ४२. अशा संकरातली बहुतेक रोपे वांझ निघतात. तरी त्यातून तगलेल्या वाणाला त्यांनी नाव दिले खॅपस्टाइन. खोडावरच्या तांबेऱ्याला रोखणारी एसआर १३ आणि एसआर १४ ही जनुके मूळची खपलीतली.

भारतातला प्रश्न निराळा होता. इथल्या मैदानी उन्हाळ्यात हे बीजाणू जगत नाहीत, मग दर हिवाळ्यात येतात कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी उत्तर शोधले: उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या डोंगरांत बुरशी वर्षभर टिकते आणि तिथून खाली उतरते. खोडावरचा तांबेरा दक्षिणेकडून नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांबरोबर मध्य भारतात पोचतो, हे नंतर कळले. निफाडला केनियातल्या प्रतिकारक गव्हाशी संकर करून ‘केनफाड’ वाण निघाले. नावातच दोन्ही गावे-देश सामावले आहेत. महाबळेश्वरला तर गेरव्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्रच आहे.

एका जनुकावर विसंबण्याची किंमत १९९८ साली युगांडात दिसली. राय या धान्यातून आलेले असेच एक जनुक, एसआर ३१, जगभरच्या असंख्य वाणांत होते. खोडावरच्या तांबेऱ्याच्या यूजी ९९ या उपप्रकाराने नेमके तेच निकामी केले. बुरशी रोपाच्या पेशीत जी प्रथिने सोडते, त्यांतले एखादे ओळखून जनुक रोपाला सावध करते. मग बाधित पेशी स्वतःच मरतात आणि बुरशीची उपासमार होते. त्या प्रथिनात बुरशीने जरा बदल केला की ओळख पुसली जाते आणि पहारा व्यर्थ ठरतो.

यूजी ९९ पुढे खपलीचे एसआर १३ मात्र टिकले. २०१७ साली हे जनुक नेमके हाती लागले, म्हणजे आता संकरित रोपांत ते आले की नाही हे रोपावर रोग सोडून पाहण्याआधीच तपासता येते. इथिओपियातल्या एका उपप्रकारापुढे तेही हरते, म्हणून त्याला इतर जनुकांच्या जोडीनेच वापरावे लागते. पण गारव्यापेक्षा उबदार हवेत ते जास्त जोमाने काम करते, आणि खोडावरचा तांबेराही उबदार हवेतच फोफावतो.