जास्त कोटी जिवाणू म्हणजे जास्त गुण?

प्रोबायोटिक म्हणजे आरोग्यासाठी घेतलं जाणारं, जिवंत जिवाणू असलेलं उत्पादन. ‘जितके जास्त कोटी जिवाणू, तितकं प्रोबायोटिक गुणकारी’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. मोठा आकडा पाहून तसं वाटणं साहजिक आहे, पण इथला हिशोब वेगळा आहे.

हे जिवाणू जिवंत असतात. कारखान्यात गोठवून सुकवतानाच त्यांतले काही मरतात. पुढे ओलावा, उष्णता आणि ऑक्सिजनमुळे संख्या घटत जाते, आणि पोटात गेल्यावर जठरातलं आम्ल असतंच. म्हणून बनवणारे सुरुवातीला मुद्दाम जास्त भरतात. वेष्टनावरचा आकडा उत्पादनाच्या वेळचा असेल, तर तुमच्या हाती येईपर्यंत किती उरले हे त्यावरून कळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गुण वाणाचा, म्हणजे प्रजातीतल्या विशिष्ट उपप्रकाराचा (स्ट्रेनचा) असतो. एका प्रजातीचा एक वाण जुलाबावर उपयोगी ठरला, म्हणून तिचा दुसराही ठरेल असं नाही. आणि चाचणीत उपयोगी ठरलेल्या मात्रेच्या पाचपट घेतल्याने फायदा पाचपट होत नाही.

पडताळायचं तर वेष्टन उलटून पाहा. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’सारख्या प्रजातीच्या नावापुढे ‘जीजी’सारखी वाणाची खूण आहे का? आकडा मुदत संपेपर्यंतचा आहे का? साठवणीचं तापमानही वाचा. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही उत्पादनं घेऊच नयेत.