जुन्या इंजिनातलं ऑइल कशामुळे निकामी होतं?

डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली आणि ऑइल काळंकुट्ट दिसलं, की बहुतेक जण ते खराब झाल्याचं ठरवून टाकतात. रंगावरून काढलेला हा निष्कर्ष फारसा भरवशाचा नाही. ऑइलमध्ये मिसळलेली काही रसायनं काजळीचे कण धातूला चिकटू देत नाहीत, तेलातच तरंगत ठेवतात. त्यामुळे ऑइल काळं पडतंय म्हणजे ते काम करतंय, असंही असू शकतं. डिझेल इंजिनात तर नवं ऑइल बघता बघता काळं होतं. उलट सोनेरी दिसणारं ऑइल आतून निकामी झालेलं असू शकतं, विशेषतः महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघणाऱ्या जुन्या गाडीत.

हे तेल करतं काय, याचा सुगावा योगायोगानं लागला. १८८३ मध्ये बीचम टॉवर हे ब्रिटिश अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच तेल उलट त्याच भोकातून वर यायला लागलं. भोकाला बूच मारलं, तेही ढकललं गेलं. आस चक्क तेलावर तरंगत होता! १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस तेलाला चिंचोळ्या होत जाणाऱ्या फटीत ओढतो, तिथे दाब वाढतो आणि धातूला धातू लागत नाही. पावसात भरधाव गाडीची चाकं रस्ता सोडून पाण्यावर घसरतात, त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे. इंजिनातला पंप तेल फक्त पोचवतो; क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, उचलून धरतो तो त्याचा स्वतःचा वेग.

पण स्टार्टर मारल्यावर पहिल्या क्षणी हा वेग नसतो. कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे आणि त्यांच्यावर टेकलेले भाग) जिथे एकमेकांवर घासतात, तिथे तर नंतरही तेलाचा थर अगदी तुटपुंजा असतो. अशा ठिकाणी झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग कामी येतं. घर्षणाच्या जागी त्यापासून काचेसारखा फॉस्फेटचा अतिपातळ लेप तयार होतो आणि धातूऐवजी तो झिजतो. अडचण अशी, की फॉस्फरसमुळे सायलेन्सरवाटे जाणारा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. जुन्या, सपाट टॅपेटच्या इंजिनाला डब्यावरचा सर्वांत नवा दर्जा मानवेलच असं नाही, ते यामुळे. अशा गाडीसाठी मॅन्युअलमधला ग्रेड पाहावा आणि जस्त-फॉस्फरस पुरेसं असलेलं ऑइल निवडावं.

आता मूळ प्रश्नाकडे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टन रिंगच्या बाजूनं खाली उतरते, आणि जुन्या झिजलेल्या रिंगांतून जरा जास्तच. इंजिन चांगलं तापलं तर हे पाणी उडून जातं. दहा मिनिटांच्या फेरीत ते तापतच नाही. त्यात कार्बोरेटर आणि चोक असेल तर न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. ज्वलनातून आलेली आम्लं मारायला ऑइलमध्ये अल्कली घातलेली असते. ती हळूहळू खर्ची पडते. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हे पाणी साठत असल्याची शक्यता आहे (कूलंटची पातळीही घटत असेल तर मात्र हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर, संशय घ्यावा). म्हणूनच गाडी कमी चालते, तर ऑइल आणखी वर्षभर चालेल, हा हिशेब उलटा पडतो.

फिल्टर फक्त घन कण अडवतो. पाणी, पेट्रोल, आम्ल त्यातून आरपार जातं. तो तुंबला तर आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण ऑइल न मिळण्यापेक्षा घाणेरडं मिळालेलं बरं. त्यामुळे तुंबलेला फिल्टर गाडी चालवताना बहुधा जाणवतच नाही. नवं ऑइल घालून जुना फिल्टर तसाच ठेवण्यात काही अर्थ नाही. काही जुन्या इंजिनांत तर नुसती तारेची जाळी असते. तिथे ऑइल लवकर बदलणं एवढाच उपाय.

बदलताना इंजिन कोमट असावं, म्हणजे ऑइलबरोबर तरंगती घाणही निघते. फिल्टर काढल्यावर त्याचं जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे पाहावं. रबरावर रबर बसलं तर गळती ठरलेली. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा. ऑइल खुणेच्या वर भरू नये, क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो आणि पंपाला तेलाऐवजी हवा मिळते.

गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर ऑइल उभी करण्याआधी बदलावं, पुन्हा बाहेर काढताना नव्हे. नाहीतर आम्ल आणि पाणी मिसळलेलं जुनं ऑइल तेवढे सगळे महिने बेअरिंगला लागून बसतं.