देशी झाड, पण कुठल्या हवामानाचं?

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाची लगबग सुरू होते आणि एक समज हमखास कानावर येतो: झाड देशी असलं की कुठेही लावावं. मला हा समज फार खटकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला जेमतेम २० किलोमीटरवर पाचगणीत तो १,८०० च्या आसपास येतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत गेलं की हजाराच्याही आत. महाबळेश्वरच्या रानातला सदाहरित पिसा वृक्ष वाईच्या उघड्या डोंगरावर लावला तर पहिलाच उन्हाळा त्याला जड जाणार. तिथे कोरड्या हवामानातली सालई, धावडा अशी झाडं हवीत.

म्हणून उजाड डोंगरावर पुन्हा जंगल आणायचं तर आधी त्याच्याशी हवामान जुळणारी, जुनं जंगल टिकून असलेली जागा शोधायची आणि बी तिथून आणायचं. ही जुळणी वर्षाच्या एकूण पावसावरून केली तर फसगत होते. मुंबईत तिरुवनंतपुरमपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. तिकडे वळवाच्या सरी आधी येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस असतो. सह्याद्रीत उत्तरेकडे यावं तसे कोरडे महिने वाढतात आणि सदाहरित झाडांच्या जाती कमी होत जातात. तेव्हा आकडे बाराही महिन्यांचे घ्यावे लागतात.

पण अंश सेल्सिअस आणि मिलिमीटर एकत्र मोजायचे कसे? या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. प्रत्येक फरकाला त्या जागेच्या नेहमीच्या वार्षिक चढ-उताराने भागायचं. समजा, एका गावात मे महिन्याचं सरासरी तापमान वर्षागणिक अर्धा अंश हलतं आणि जुलैचा पाऊस ३०० मिलिमीटरने. मग २ अंशांचा फरक चौपट ठरतो, ३०० मिलिमीटरचा फक्त एकपट. तरी एक अडचण उरते. पाऊस कमी पडला त्या वर्षी उष्माही वाढतो, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेलं 'अंतर', म्हणजे दोन गोष्टी एकमेकींपासून किती वेगळ्या हे सांगणारा आकडा, हा परस्परसंबंध हिशेबात धरतं. त्यात 'जास्त उष्ण, जास्त कोरडं' ठिकाण तितकं दूर पडत नाही, पण 'जास्त उष्ण आणि जास्त ओलं' ठिकाण खूप दूर जातं, कारण आपल्या डोंगराने असं वर्ष सहसा कधी पाहिलेलंच नसतं.

   

हवामान जुळणं पुरेसं मात्र नाही. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परकं झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं, तिथेही लांब कोरडा ऋतू असतो, म्हणूनच ते आपल्या टेकड्यांवर इतकं फोफावलं. जुळणी करायची ती आपल्याच जातींच्या बियांसाठी, आणि माती पाहून.

शिवाय आजची जुळणी कायमची नाही. २०१९ च्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या ५४० शहरांची अशी तुलना केली. उत्सर्जन वाढतच राहिलं तर २०८० च्या सुमारास त्यांचं हवामान सरासरी ८५० किलोमीटर दूरच्या आजच्या ठिकाणासारखं होईल, आणि अनेक शहरांना तर नीट जुळणारं ठिकाणच सापडलं नाही. अशा वेळी बरंचसं बी जवळच्या जंगलातलं आणि थोडं त्याच जातीचं, पण जास्त उष्ण-कोरड्या जागचं, असं मिसळून लावणं मला शहाणपणाचं वाटतं. रोपवाटिकेत त्यासाठी प्रत्येक वाफ्यावर बी कुठून आणलं याची चिठ्ठी हवी.