थंड प्रारंभ (कार्ब्युरेटरयुक्त ट्रक एंजिनाचा)

कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारे साधन) असलेले जुन्या पेट्रोल ट्रकाचे एंजिन थंड असताना चालू करण्याची क्रिया. एंजिन चालूच न होणे किंवा चालू होऊन लगेच बंद पडणे, हे तिच्यातील नेहमीचे दोष. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते; पण हा हिशेब वाफ झालेल्या पेट्रोलचा आहे. थंडीत त्यातील हलके घटकच वायुरूप होतात आणि बाकीचे शोषण नलिकेच्या भिंतींवर ओल धरून राहते. मिश्रण विरल (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले) होते व ठिणगी पडूनही पेट घेत नाही. व्हेंच्युरीच्या (हवेच्या वाटेतील अरुंद भागाच्या) अलीकडची, हवा अडविणारी चोक झडप मिटली की जेटवरील (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावरील) निर्वात वाढतो आणि पेट्रोल जास्त ओढले जाते.

फवारा पद्धतीच्या कार्ब्युरेटरच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून वाफ घेण्याची रचना होती. सूक्ष्म छिद्रातून फवारा उडविण्याची कल्पना जर्मन लेखक व्हिल्हेल्म मायबाख यांची मानतात, तर हंगेरियन लेखक दोनात बांकी व यानोश चोंका यांची. बुडापेस्टच्या या जोडीचे एकस्व (पेटंट) फेब्रुवारी १८९३ चे असून मायबाख यांचे त्यानंतर काही महिन्यांचे आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड बटलर यांनी बहुधा १८८० नंतरच्या दशकातच तत्सम रचना वापरली होती. त्यामुळे केवळ एकस्वाच्या तारखेवरून निवाडा करण्यापेक्षा हा शोध अनेकांनी स्वतंत्रपणे लावला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फुलवालीच्या फवाऱ्यावरून बांकी-चोंका यांना कल्पना सुचली, ही कथा आख्यायिकाच समजावी.

दोष शोधताना एंजिन नेमके केव्हा बंद पडते, हे महत्त्वाचे. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर सेल्फ फार वेळ मारावा लागत असेल, तर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाच्या) वाटीतील पेट्रोल उडून गेलेले असते. चालू होताच काळा धूर सोडून बंद पडल्यास चोक किंचित उघडणारा निर्वात-डायफ्रॅम (निर्वाताने ओढला जाणारा पडदा) फाटला असण्याचा संभव असतो. अशा वेळी पेट्रोल ओव्हर होऊन प्लग ओले होतात. रेस देताच एंजिन दबून कार्ब्युरेटरमधून फटका मारते, तेव्हा त्वरक पंपाची (रेस देताना जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाची) वाळलेली वाटी तपासावी. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग हवा खात असल्यास मंद गती टिकत नाही. दमट हवेत, तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असतानाही, थ्रॉटलवर (एंजिनात जाणारे मिश्रण कमीजास्त करणाऱ्या झडपेवर) बर्फ धरतो, कारण बाष्पीभवनात उष्णता शोषली जाते. निष्कासाची (बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंची) उष्णता पुरविणारी झडप अडकली असल्यास हे हमखास होते. गरम एंजिन बंद पडणे हा इंधन नळीतील बाष्परोधाचा (पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडण्याचा) वेगळा विषय होय. कार्ब्युरेटर उघडण्याआधी बॅटरी व पॉइंट (ठिणगीसाठी विद्युत् प्रवाह तोडणारे संपर्क) पाहावेत, कारण सेल्फच्या ओढीने विद्युत् दाब उतरला की ठिणगी दुबळी पडते.

विलिस जीप व फोर्डचे ४.९ लिटरचे सहा सिलिंडरी ट्रक एंजिन या दोहोंवर कार्टर वायएफ हा एकनळी कार्ब्युरेटर आढळतो. १९८७ पासून या फोर्ड एंजिनास कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) मिळाले. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज व फार्गो ट्रक जुळविले; १९५४ नंतर टाटांच्या डीझेल ट्रकांमुळे भारतात पेट्रोल ट्रक मागे पडत गेले. २०% इथेनॉलमिश्रित पेट्रोलास वाफ होण्यास अधिक उष्णता व ज्वलनास कमी हवा लागते. म्हणून मूळ जेट कायम ठेवल्यास जुन्या एंजिनात मिश्रण विरल होते.