शंभरातले पाच

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मायकेल रसेल यांनी सहकाऱ्यांसह धूम्रपान सोडवण्यासंबंधी केलेल्या दोन प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निकोटिनचे च्युइंगम घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर होते. त्याआधीच्या, १९७९ च्या प्रयोगात डॉक्टरांनी केवळ सल्ला आणि एक पत्रक दिले होते. तिथे हे प्रमाण ५.१ टक्के भरले. पहिला आकडा डोळ्यांत भरतो, तरी रसेल यांचे अधिक मोठे काम दुसऱ्या आकड्यात आहे, असे मला वाटते.

सिगारेट ओढणे ही नुसती सवय नसून ते निकोटिनचे व्यसन आहे, हे रसेल यांनी १९७० च्या दशकात, म्हणजे ही गोष्ट सर्वमान्य होण्याच्या बऱ्याच आधी, आग्रहाने मांडले. माणसे निकोटिनसाठी सिगारेट ओढतात, पण मरतात ती धुरातल्या डांबरामुळे, असे त्यांनी १९७६ साली लिहिले. फुप्फुसांत शिरलेले निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे ओढणाऱ्याला दिवसभर पुन्हापुन्हा पाकिटाकडे वळावे लागते.

निकोटिन हवे आणि धूर नको, तर ते दुसऱ्या वाटेने द्यावे, हा च्युइंगममागचा विचार. मात्र गिळलेल्या निकोटिनचा बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो, म्हणून ते गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरणे आवश्यक असते. आणि त्यासाठी तोंडातली लाळ अल्कधर्मी राहावी म्हणून गममध्ये सोडियम कार्बोनेटसारखे क्षार घालतात. तळहातावर तंबाखूत चुना मळणारा माणूस नेमके हेच रसायनशास्त्र वापरत असतो. गम चावून गालात धरून ठेवायचा असतो हे आपल्याकडे कोणाला फार समजावून सांगावे लागू नये. १९८२ च्या प्रयोगात तुलनेसाठी ज्यांना कमी निकोटिनचा आणि हे क्षार नसलेला गम दिला होता, त्यांच्यापैकीही २१ टक्के लोकांनी सिगारेट सोडली होती, कारण तिथे आलेली माणसे सोडण्याच्या इच्छेनेच, उपचार घ्यायला आली होती.

१९७९ च्या प्रयोगातली माणसे तशी नव्हती. लंडनमधल्या पाच सामूहिक दवाखान्यांतील २८ डॉक्टरांकडे चार आठवड्यांत कोणत्याही कारणाने आलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या सर्व २,१३८ रुग्णांचे चार गट करण्यात आले. पहिल्या गटाला काहीच सांगितले नाही, दुसऱ्याकडून फक्त प्रश्नावली भरून घेतली, तिसऱ्याला डॉक्टरांनी सिगारेट सोडण्याचा सल्ला दिला आणि चौथ्याला सल्ल्यासोबत पत्रक देऊन, पुढे तुमची चौकशी केली जाईल, असेही बजावले. पहिल्या महिन्यात सोडून वर्षअखेरही न ओढणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के निघाले. वर्षअखेर १,५६७ जणांचीच पुरेशी माहिती हाती आली होती, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही चढता क्रम स्पष्ट आहे. नुसती प्रश्नावली भरून घेतल्यानेही काही जण सिगारेट सोडतात, ही त्यातली गमतीची गोष्ट.

शंभरातले पाच म्हणजे थोडेच. पण रसेल यांनी हिशेब मांडला की ही पद्धत नियमितपणे वापरणाऱ्या प्रत्येक डॉक्टरमागे वर्षाला सुमारे २५ जण कायमचे सुटतील आणि ब्रिटनमधले सगळे डॉक्टर सामील झाले तर हा आकडा वर्षाला पाच लाखांवर जाईल. त्या वेळी देशात व्यसनमुक्तीची खास केंद्रे पन्नासच्या आसपास होती; ती दहा हजार केली तरी एवढे साधणार नाही, असे त्यांनी नोंदवले.

या सल्ल्याने प्रयत्न करणाऱ्यांच्या यशाचे प्रमाण वाढले नाही. वाढली ती प्रयत्न करणाऱ्यांची संख्या. प्रयत्नाला लागलेल्या माणसाची तलफ सुसह्य करणे हे वेगळे काम होते, आणि तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या गमच्या प्रयोगात त्याच कामाची परीक्षा झाली.