रजिस्टर ग्लोबल्स (पीएचपी)

रजिस्टर ग्लोबल्स ही पीएचपीतली, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका प्रोग्रॅमिंग भाषेतली, जुनी सेटिंग. ती चालू असली की फॉर्ममध्ये भरलेलं, पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे लिहिलेलं, कुकीतून (ब्राउझरमध्ये साठवलेल्या माहितीतून) आलेलं, सगळं आपोआप ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये थेट वापरता येणारं नाव असलेली किंमत, बनायचं. फॉर्मात ‘गाव’ची चौकट असली की कोडमध्ये ‘$गाव’ तयारच. शिकणाऱ्या पोट्ट्यांना हे लय सोपं वाटायचं, पण ते व्हेरिएबल आपण भरलं की बाहेरून कोणी पाठवलं हे कोडला कळायचंच नाही.

समजा जिनिंगच्या साइटवर कापसाचा भाव बदलायचं पान आहे. वर लिहिलंय, पासवर्ड जुळला तर $मालक = १, आणि खाली, $मालक असेल तर भाव बदलू द्या. पासवर्ड चुकला तर $मालक मध्ये काय? काहीच नाही, काहून की सुरुवातीला $मालक = ० कोणी लिहिलंच नाही, मंग कोणीही पत्त्याच्या शेवटी ?मालक=१ जोडलं की पासवर्डशिवाय आत. काट्याच्या पावतीवर सही-शिक्का मारून वजनाची जागा कोरी सोडली तर गाडीवाला वाट्टेल तेवढे क्विंटल लिहील ना, तसंच हे. खरी चूक त्या कोऱ्या जागेची, सेटिंगनं फक्त पेन बाहेरच्याच्या हाती दिला.

याहून वाईट म्हणजे जोडायच्या फाइलचा रस्ता अशा कोऱ्या व्हेरिएबलमध्ये असला तर परक्या सर्व्हरवरचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवता यायचा.

डिसेंबर २००१ च्या ४.१.० मध्ये पत्त्यातलं ठेवणारा $_गेट, फॉर्मातलं ठेवणारा $_पोस्ट असे वेगळे ॲरे (नावानिशी किमतींच्या याद्या) आले, एप्रिल २००२ च्या ४.२.० पासून सेटिंग मुळातच बंद येऊ लागली, २००९ च्या ५.३ नं ती वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१२ च्या ५.४ मध्ये ती काढूनच टाकली.

तरी धोका गेला नाही. यवतमाळकडच्या एका जिनिंगची जुनी साइट नव्या होस्टिंगवर नेली तेव्हा सगळे फॉर्म कोरे यायला लागले, आणि कोणीतरी पहिल्याच ओळीत एक्स्ट्रॅक्ट फंक्शनला (हे ॲरेतल्या प्रत्येक नावाचं व्हेरिएबल बनवतं) $_रिक्वेस्ट, म्हणजे पत्त्यातलं-फॉर्मातलं सगळं एकत्र, देऊन मोकळं झालं, फॉर्म चालले पण तीच जुनी खिडकी परत उघडली, ते पाहून माझा जीव खालीवर झाला. शेतकऱ्यांची खाती होती हो त्यात.

आपल्या कोडात शोधायचं तर सगळ्या वॉर्निंग चालू करा आणि पासवर्ड मुद्दाम चुकीचा टाका. $मालक कोरा असला तर पीएचपी ८ मध्ये ओळ नंबरासकट वॉर्निंग येते, मंग पासवर्ड तपासायच्या आधी, अगदी वर, $मालक = ० लिहा, आणि एक्स्ट्रॅक्टची ओळ काढून जे हवं ते $_पोस्ट मधून नावानं घ्या.